सिंगापूरला रात्रीचा लांब लेओव्हर आहे? आई-पप्पांना घेऊन असा काढा (जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांसाठी)

आपल्याकडे आता घरटी हीच परिस्थिती आहे, पोरगं नाहीतर जावई मेलबर्न, सिडनी, पर्थ कुठंतरी आणि आई-पप्पा चोपडा, पाचोरा, शिरपूर, भुसावळला. डिलिव्हरीसाठी नाहीतर नातवाच्या वाढदिवसाला जायचं ठरलं की तिकीट शोधताना एक सिंगापूरमार्गे ऑप्शन हमखास दिसतो, लेओव्हर, म्हणजे मधला थांबा, चौदा तास, सोळा तास, आणि लोक ते बघून लगेच खाली स्क्रोल करतात. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. सोबत साठीच्या पुढची माणसं असतील तर रात्रीचा लांब लेओव्हर मुद्दाम घ्या, फक्त त्यात झोप आधी आणि सिंगापूर नंतर. ज्यांनी उलटं केलं त्यांचे मेलबर्नला उतरल्यावरचे चेहरे बघा म्हणजे कळंल.

कारण आपला प्रवास मुंबई विमानतळावर सुरू होत नाही ना भो. तो आदल्या दिवशी घरून सुरू होतो, रात्रभर ट्रेन, सकाळी दादर नाहीतर ठाणे, मग डोंबिवलीच्या मावसभावाकडे अंघोळ-जेवण (आणि तिथं कोणी झोपू देत नाही, गप्पाच संपत नाहीत), मग विमानतळावर तीन-चार तास आधी, मग साडेपाच तासांचं विमान. एवढं झाल्यावर दोन तासाचं कनेक्शन असलं तर म्हातारी माणसं गेट शोधत पळत सुटतात आणि वरून पुढं अजून सात-आठ तासांचं विमान. मधे एक रात्र आडवं व्हायला मिळालं तर सगळा प्रवासच बदलतो.

तिकीट घेताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे थांबा २४ तासांच्या आत पाहिजे, त्याच्या वर गेला की एअरलाइन त्याला स्टॉपओव्हर धरते आणि भाड्याचं गणित बदलतं. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, मुंबई ते मेलबर्न एकाच पीएनआरवर पाहिजे. एका तिकिटावर असलं की मोठ्या बॅगा मुंबईत टाकायच्या त्या थेट मेलबर्नलाच घ्यायच्या, मधे बघायची गरज नाही (तरी मुंबईच्या काउंटरवर बॅगेच्या टॅगवर शेवटचा कोड मेलबर्नचा आहे ना ते डोळ्यानं बघा, विचारायला लाजू नका). दोन वेगवेगळी तिकिटं जोडून चार-पाच हजार वाचवले तर सिंगापूरला इमिग्रेशन करून बॅगा उचलायच्या, रात्रभर सांभाळायच्या, परत चेक-इन करायच्या, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या एअरलाइनला त्याचं काही देणंघेणं नसतं. आई-पप्पा एकटे जाणार असतील तर असलं तिकीट घेऊच नका, वाचलेल्या पैशापेक्षा फोनवरचा जिवाला घोर जास्त.

वेळ कशी निवडायची? संध्याकाळी किंवा रात्री सिंगापूरला उतरणारं आणि दुसऱ्या दिवशी, २४ तास भरायच्या आत, संध्याकाळी नाहीतर रात्री सुटणारं असंल तर सगळ्यात भारी. सकाळी उतरून रात्री सुटणारं दिसायला छान दिसतं, पण त्यात आदली रात्र विमानात बसून गेलेली असते, मग दिवसभर शहरात जांभया.

आधी व्हिसाचं, मग हॉटेलचं

आपल्या पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. पण एक सोय आहे, तिला व्हिसा फ्री ट्रान्झिट फॅसिलिटी म्हणतात, ९६ तासांची. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, कॅनडा, यूके, जर्मनी, स्वित्झर्लंड, जपान यातल्या कुठल्या तरी देशाचा चालू व्हिसा पासपोर्टवाल्याकडे आहे आणि तिसऱ्या देशाला जायचं ९६ तासांच्या आतलं कन्फर्म तिकीट आहे, तर वेगळा सिंगापूरचा व्हिसा न काढता शहरात जाता येतं. आता हे आधीपासून मंजूर होऊन येत नाही, तिथं काउंटरवरचा ऑफिसर ठरवतो. म्हणून चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, उतरल्यावर ऑटोमॅटिक गेटच्या लाइनीत घुसू नका, माणूस बसलेल्या काउंटरवर जा आणि कागद हातात ठेवा. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, तो ईमेलवर येतो, त्यामुळे त्या ग्रँट लेटरची प्रिंट काढून न्या, पुढच्या तिकिटाची प्रिंट, हॉटेलची प्रिंट. मोबाईलमधे आहे म्हणून चालत नाही असं नाही, पण पप्पांना ऐनवेळी चार वर्षांचे गुड मॉर्निंगचे फोटो सरकवत पीडीएफ शोधायला लागते. परतीच्या प्रवासाच्या अटी थोड्या वेगळ्या आहेत, आणि नियम बदलतातही, म्हणून निघायच्या आठवड्यात आयसीएच्या, म्हणजे त्यांच्या इमिग्रेशन खात्याच्या, साइटवर एकदा वाचून घ्या. मनात धाकधूक नको असंल तर सरळ त्यांच्या अधिकृत एजंटकडून व्हिसा काढून टाका.

याच्याबरोबर एसजी अरायव्हल कार्ड भरायचं, पोचायच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत, ऑनलाइन. ते फुकट आहे. गुगलवर टाकलं की पैसे मागणाऱ्या साइट वर येतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यात ईमेल द्यायचा तो जो खरंच उघडतो तो द्या, कारण आता पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, आत सोडल्याचा ई-पास ईमेलवरच येतो.

आता हॉटेल. इथं दोन जाती आहेत आणि इथंच लोकांचा घोळ होतो. एक इमिग्रेशनच्या अलीकडचं, टर्मिनलच्या पोटात असलेलं ट्रान्झिट हॉटेल. हे तासावर मिळतं, साधारण सहा तासांचा ब्लॉक असतो, पुढचे तास वाढवता येतात. विमानातून उतरलं, पाटी बघत चाललं, झोपलं. इमिग्रेशन नाही, बस नाही, टॅक्सी नाही. खोली छोटी असते, काहींना खिडकीच नसते, ते आधी सांगून ठेवा नाहीतर आई आत गेल्या गेल्या म्हणंल "अय, ह्याला हवा कुठून?" दुसरं म्हणजे बाहेरचं, क्राउन प्लाझा टर्मिनल ३ ला चिकटून आहे, मोठं आणि महाग, आणि ज्वेलमधे, म्हणजे विमानतळाला लागून असलेल्या मॉलमधे, योटेलएअर आहे, तिथंही तासांवर केबिन मिळते, पण या दोन्हींसाठी इमिग्रेशन करून बाहेर पडावं लागतं.

माझं मत विचाराल तर रात्री नऊच्या पुढं उतरणार असाल आणि बॅगा थेट पुढं जाणार असतील तर आतलंच ट्रान्झिट हॉटेल घ्या आणि इमिग्रेशन सकाळी ताज्या डोक्यानं करा. उलट सात वाजता उतरलात, माणसं धडधाकट आहेत, तर बाहेर पडून ज्वेलमधे राहा, रात्रीच तिथला मोठा धबधबा बघून होतो. आतल्या खोल्या कमी असतात, म्हणून तिकिटाबरोबरच बुक करा, आणि बुक करताना टर्मिनल बघा. १, २, ३ हे स्कायट्रेननं जोडलेले आहेत, ४ नंबर वेगळा पडतो, तिथं बसनं जावं लागतं.

तारखेचा सापळाही लक्षात घ्या. विमान १५ तारखेला रात्री साडेबाराला उतरतंय तर बाहेरच्या हॉटेलचं बुकिंग १४ तारखेचं पाहिजे, कारण १५ चं बुकिंग म्हणजे १५ ला दुपारी चेक-इन. आणि सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं आहे, म्हणजे त्यांचे सकाळचे सहा म्हणजे आपले साडेतीन. म्हणून सकाळी सहाला निघायचे प्लॅन करू नका, आई-पप्पा साडेआठ-नऊला उठतील, उठू द्या.

घरून निघताना

मोठी बॅग थेट जाणार म्हणजे हातातल्या बॅगेत एक दिवसाचे कपडे, सुती, चप्पल नाहीतर मऊ बूट, बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण प्रवासाच्या आणि डॉक्टरची चिठ्ठी. अडॅप्टर घ्या, तिथं चौकोनी तीन पिनचं सॉकेट असतं, आपला गोल पिनवाला चार्जर बसत नाही. ठेचा, तेलाचं लोणचं, तूप हे हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर जात नाही, सिक्युरिटीवाला काढून ठेवतो आणि मग तिथंच हुज्जत. दशम्या, कोरडी चटणी, शेव, केळीचे वेफर हातात ठेवा, रात्री हॉटेलमधे तेच कामाला येतं कारण दमल्यावर कोणाला बाहेर जेवायला जायचं नसतं.

आणि हे नीट ऐका, तंबाखू. सिंगापूरला खायचा तंबाखू, गुटखा यावर बंदी आहे, थोडासा, स्वतःपुरता असलं काही चालत नाही. ई-सिगारेटलाही बंदी, च्युइंगम आणायलाही बंदी, आणि साध्या सिगारेटच्या एकाही पाकिटाला ड्युटी फ्री सूट नाही. पप्पांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशातली पुडी आणि चुन्याची डबी घरीच काढून घ्या, आणि दुसरी कुठं लपवलीय का ते आईला विचारा, आईला बरोबर माहीत असतं.

मुंबईपर्यंत भुसावळ-जळगावहून रात्री अमरावती एक्सप्रेस नाहीतर विदर्भ एक्सप्रेस पकडली की सकाळी मुंबई. नंदुरबार-अमळनेरकडच्यांना खान्देश एक्सप्रेस मुंबईला सोडते, पण ती रोज नसते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून मेट्रो ३ आरे ते कफ परेड पूर्ण चालू झालीय, त्यामुळे सीएसएमटीहून थेट विमानतळाच्या टी२ (टर्मिनल २) च्या मेट्रो स्टेशनला जाता येतं. चार मोठ्या बॅगा असतील तर मात्र ठाण्याला उतरून गाडीच करा. ट्रेन आणि विमान यात निदान अर्धा दिवस मोकळा ठेवा, इगतपुरी-कसाऱ्याला पावसाळ्यात काय होतं ते आपल्याला कोणी सांगायला नको.

दिवस कसा घालवायचा

एकच नियम, एकच मेट्रो लाइन. सेंटोसा, युनिव्हर्सल, झू वगैरे या दिवशी नाही. चांगी विमानतळाचं मेट्रो स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या खाली आहे. तिथून एकच स्टेशन पुढं एक्स्पो, तिथं गाडी बदलून डाउनटाउन लाइन पकडायची, निळी. या एका लाइनवर बेफ्रंट, बुगिस, लिटल इंडिया आणि बोटॅनिक गार्डन्स सगळं येतं. टाईम थोडा जास्त लागतो, पण वृद्ध माणसांना परत परत जिने-फलाट बदलायला लावण्यापेक्षा बसून गेलेलं बरं. तिकीट काढायची भानगड नाही, व्हिसा-मास्टरकार्डचं टॅप करायचं कार्ड गेटला लावायचं, आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीवेळा. मात्र एका कार्डावर एकच माणूस, म्हणून तिघं असाल तर तीन कार्ड पाहिजेत, आणि निघायच्या आधी बँकेच्या ॲपमधे इंटरनॅशनल आणि टॅप दोन्ही चालू करून ठेवा. गाडीत खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत आहे. सिंगापूर डॉलर सत्तरीच्या घरात धरा म्हणजे हिशोब कळंल.

माणसं ताजी आहेत तर सकाळी आधी सगळ्यात लांबचं करा, बोटॅनिक गार्डन्स. स्टेशनच्या बाहेर पडलं की बागच. १८५९ ची बाग आहे, २०१५ ला युनेस्कोच्या यादीत गेली, आत जायला पैसे नाहीत, फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे. शेतीवाली माणसं इथं जाम रमतात, प्रत्येक झाडाजवळ थांबून पानं बघतात आणि पाटी वाचायला लावतात. मलायातल्या रबराच्या शेतीची सुरुवातीची खटपट याच बागेत झाली, झाड न तोडता चीक कसा काढायचा ते इथं शोधलं, हे सांगितलं तर पप्पा तासभर हलणार नाहीत. हलवा, कारण ऊन. आणि उन्हाबद्दल सांगतो, आपल्याकडं मे महिन्यात पंचेचाळीस पाहिलेली माणसं ३२ डिग्री ऐकून हसतात. पण तिथली हवा दमट, घाम वाळतच नाही, अकरा वाजता अंगातला सदरा पिळावा लागतो आणि पाय गळून जातात. शिवाय दुपारी पाऊस कधीही. छत्री ठेवा, दर तासाला बसवा, पाणी पाजा. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटली भरून घ्या.

तिथून त्याच लाइनीनं परत फिरून तीन स्टेशनं की लिटल इंडिया. इथं जेवण. सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास आहे, पूर्ण शाकाहारी, डोसा, राइस प्लेट, माळकरी माणूस डोळे झाकून जेवू शकतो. शेवभाजी-पुरणपोळी विसरा, सांबारावर समाधान माना. स्टेशनला लागूनच टेक्का सेंटर आहे, खाली मासळी-मटणाचा बाजार आणि खायचे स्टॉल, एकदा चक्कर मारा, पण वासाचा त्रास असणाऱ्यांना बाहेर उभं करा. तिथं टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट नुसतंच पडलेलं दिसंल, माणूस कोणी नाही. तिथं बसू नका, ती जागा धरलेली आहे, आपल्याकडं एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसलाच प्रकार, फरक एवढाच की तिथं त्याच्यावरून भांडणं होत नाहीत. जेवून झालं की ट्रे स्वतः उचलून ठेवायच्या जागी ठेवायचा, तो कायदाच आहे. मुस्तफा सेंटरचं नाव प्रत्येकानं ऐकलेलं असतं आणि आई म्हणणारच की जाऊन येऊ, पण ते दुकान दिवस खाऊन टाकतं, आणि घेतलेलं सगळं हातातल्या बॅगेतच कोंबावं लागतं.

दुपारी दोनच्या पुढं बेफ्रंट. गार्डन्स बाय द बे. इथली मोठी लोखंडी झाडं, सुपरट्री, खालून बघायला फुकट. ऊन टाळायला दोन काचेची थंड घरं आहेत, फ्लॉवर डोम आणि क्लाउड फॉरेस्ट, त्यांना तिकीट लागतं. दोन्ही घ्यायची गरज नाही, क्लाउड फॉरेस्ट घ्या, आत शिरलं की समोर ३५ मीटरचा धबधबा आणि गार तुषार, तास-दीड तास निघून जातो, लिफ्टनं वर जाऊन उतारानं खाली यायचं असतं त्यामुळे गुडघ्यालाही जड नाही. पुढचं विमान रात्री साडेअकराच्या पुढं असंल तरच पावणेआठचा सुपरट्रीचा लाइट शो बघा, तो पण फुकट आहे. पावणेनऊचा दुसरा शो सोडून द्या. मर्लायनचा, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेला, पुतळा पाहिलाच पाहिजे असं कोणी म्हटलं तर बेफ्रंटवरून खाडीच्या पलीकडं बोट दाखवा, फोटोत तेवढा पुरतो.

ज्यांना स्वतः फिरायची हिंमत नाही, म्हणजे आई-पप्पा एकटेच आहेत, त्यांच्यासाठी चांगीची फुकट टूर आहे, फ्री सिंगापूर टूर. साडेपाच तासांच्या वर आणि २४ तासांच्या आत थांबा असणाऱ्यांना मिळते, साधारण अडीच तास बसनं फिरवून परत आणून सोडतात. आत जायची परवानगी मात्र वर सांगितली तीच लागते. ऑनलाइन बुक करून ठेवा, आणि व्हीलचेअर घेतली असंल तर एअरलाइनला आधीच सांगा की मधे थांबा आहे, हॉटेलच्या दारात सोडा.

परतीला बेफ्रंटहून चांगी पाऊण-एक तास धरा, आणि विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर पाहिजे. बोर्डिंग पास मुंबईतच दोन्ही विमानांचे मिळाले असतील तर काउंटरला उभं राहायचं काम नाही, मग तो वेळ ज्वेलला द्या. छताच्या मधोमध भोकातून ४० मीटर पाणी खाली पडतं, इमारतीच्या आतला जगातला सगळ्यात उंच धबधबा, २०१९ ला सुरू झाला. बघायला काही लागत नाही, बाकडी आहेत, बसवा. नंतर इमिग्रेशन, आत गेल्यावर अंघोळीची पैसे देऊन सोय असते, दिवसभराच्या घामानंतर ती घ्याच.

टर्मिनल १, २, ३ ला सिक्युरिटी गेटच्या तोंडाशी होते. म्हणजे आत घेतलेली पाण्याची बाटली पण गेटवर जाते, ती आधी पिऊन टाका आणि गोळ्या गेटवर जायच्या आधीच द्या. बोर्डिंगच्या वेळेच्या अर्धा तास आधी गेटला पोचा, काही गेट चालायला खूप लांब आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या विमानात एक फॉर्म भरायचा असतो, त्यात खायचं काही आणलंय का असा प्रश्न असतो. तिथं होय. दशम्या उरल्यात, वेफर आहेत, मोठ्या बॅगेत उडदाची डाळ, कळण्याचं पीठ, भरताचा मसाला आहे, सगळ्याला होय. सांगितलं तर फार तर काढून घेतात, लपवलं आणि सापडलं तर दंड. फॉर्म इंग्रजीत असतो, म्हणून घरीच त्याचा नमुना काढून प्रत्येक रकान्यात काय लिहायचं ते मराठीत लिहून पासपोर्टच्या कव्हरमधे ठेवून द्या, आणि पेन द्या, विमानात कोणाकडंच पेन नसतो.